डाव्या सीटचे चार बोल्ट

मी, कमरुन्निसा फय्याज खान, वय त्रेसष्ट, धंदा गाड्यांचे सीटकव्हर शिवणे, राहणार शेलूबाजार, तालुका मंगरुळपीर, जिल्हा वाशिम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, चष्मा लावल्यावर नजरही. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही, असे वाक्य घालावे लागते म्हणून घालते. एरवी दडपण आणायला घरात दुसरे माणूस असावे लागते. माझ्या घरात मी, शिलाई मशीन आणि एक मांजर. मांजरही माझे नाही. शेजारच्या जमनाबाई मुलाकडे पुण्याला गेल्या आणि मांजर मागे राहिले.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्यामागे कोणी दुसरे काढून दाखवलेच, तर ते खोटे समजावे आणि दाखवणाऱ्याला चहा न देता परत पाठवावे.

१. आमच्या कायद्याप्रमाणे माणसाला आपल्या मालमत्तेच्या फक्त तिसऱ्या हिश्शाचे मृत्युपत्र करता येते. बाकीचे वारसाचे, मग तो वारस आपल्याला आवडो की न आवडो. मला मूलबाळ नाही, पती नाहीत, आईवडील नाहीत. वारस एकच, माझा धाकटा भाऊ खालिद, राहणार पातूर. तेव्हा कफन-दफनाचा खर्च निघाल्यावर हे राहते घर आणि मागची मोकळी जागा खालिदला मिळेल. मी देत नाही, त्याला मिळते आहे. हा फरक त्याने ध्यानात ठेवावा. माझ्या हातातल्या तिसऱ्या हिश्शात मी पुढच्या वस्तू बसवल्या आहेत. खरे पाहता वस्तू एकच आहे. बाकीच्या तिच्यातून निघालेल्या.

२. ती वस्तू म्हणजे माझे मरहूम पती फय्याज खान यांची फियाट गाडी. आमच्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्यांनी ती वाशिमच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली. रंग तेव्हा दुधी होता, आता कोणता म्हणावा हे ज्याने त्याने ठरवावे. सीटची रेक्झिनची कव्हरे मी शिवली, डाळिंबी रंगाची, कडेने पांढरी दोरी. ते माझे पहिले काम. ते पाहून हायवेवरचे जीपवाले येऊ लागले आणि मी आयुष्यभर शिवत बसले.

त्याच वर्षी माहेरहून, म्हणजे पातूरहून परत येताना गाडी घाटात बंद पडली. अम्मीने दिलेली ट्रंक, ज्वारीचे पोते, लोणच्याची बरणी आणि मी, असे ओझे होते. रेडिएटरमधून वाफा निघत होत्या. खालिद आम्हाला सोडायला मोटारसायकलवर मागे आला होता. तेव्हा तो कॉलेजात होता आणि त्याला कशाचेही हसू येई. येणारेजाणारे ट्रकवाले ऐकतील अशा आवाजात तो म्हणाला, "दुल्हेभाई, आपाले खाली उतरवा! मंग पाहा कशी चढते तुमची गाडी!" ट्रकवाले हसले. आपा म्हणजे मी, मीही हसले, नवी होते. फय्याज हसले नाहीत. वर येईपर्यंत बोललेही नाहीत.

त्यांची सवयच तशी. काम पुरे झाल्याशिवाय त्याबद्दल तोंडातून शब्द काढायचा नाही. त्यांच्या गॅरेजात गिऱ्हाईकाने विचारले, "चाचा, कवा होईन?" तर उत्तर ठरलेले, "झालं का सांगतो." घरातही तेच. ईदला कपडे आणले तरी ते ईदच्याच सकाळी कळायचे.

३. पुष्कळ वर्षांनी, गॅरेज जरा चालू लागल्यावर, त्यांनी अकोल्याच्या भंगार बाजारातून जिप्सी जीपचे इंजिन आणले. ते फियाटमध्ये बसेना. तेव्हा त्यांनी फियाटच कापली आणि इंजिनाच्या मापाने पुन्हा जोडली. गिअरबॉक्सही जिप्सीचाच घेतल्याने स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा गेला आणि दोन सीटांच्या मध्ये खाली आला. इंजिन बदलल्याची नोंद गाडीच्या पुस्तकात रीतसर करून घेतलेली आहे, कोणी शंका काढू नये.

मग गाडीचे वजन कमी करणे सुरू झाले. आधी दोन्ही बंपर निघाले. पुढचा न्हाणीघरात टॉवेल टाकायला लावला आहे, मागच्यावर अंगणात कपडे वाळतात. मागची बैठक देवमन यांच्या सायकलच्या दुकानात बाकडे म्हणून गेली. अजून तिथे लोक पेपर वाचत बसतात. दारांच्या काचा गेल्या, तिथे प्लास्टिक आले. दारांच्या आतल्या पत्र्याला चाळणीसारखी भोके पाडली. पायाखालची चटई, स्टेपनी, छताचे कापड, जे हाती लागेल ते निघाले. काही काढले की बाजार समितीच्या वजनकाट्यावर जायचे. सोयाबीनचे ट्रॅक्टर रांगेत उभे आणि त्यांच्यात हे रिकामी गाडी घेऊन. काटेवाला विचारायचा, "चाचा, काय इकाले आणलं?" असे करत करत आमच्या घरात गाडी वाढत गेली आणि गाडीत कमी होत गेली. तोवर मला त्याची गंमतच वाटत होती.

एका दुपारी मी मशीनवर बसले होते. ते पुढची डावी सीट उचलून घेऊन आले, मी शिवलेल्या कव्हरासकट, आणि ओट्यावर ठेवली. मी विचारले, "हे काहून काढली?"

"वजन," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मला खालिदचे बोलणे आठवले. इतक्या वर्षांनी यांनी ती थट्टा खरी करून दाखवली, मला गाडीतून उतरवले, असेच मला वाटले. त्यानंतर मी त्या गाडीत बसले नाही. बसायला जागाच नव्हती. माहेरी जायची ती एस.टी.ने. सीट ओट्यावरच राहिली. दर रविवारी ते एकटेच गाडी घेऊन जायचे आणि मी त्या सीटवर बसून लसूण सोलायची. कुठे जाता, हे मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. एका घरात दोन माणसे किती एकटी राहू शकतात, हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी माहीत नाही म्हणून शुक्र मानावा.

४. ते जाऊन तीन वर्षे झाली. जुम्म्याच्या नमाजहून आले, पाणी मागितले, आणि मी तांब्या घेऊन येईपर्यंत गेले.

गेल्या दिवाळीच्या सुमारास खालिदने नागपूरचे एक गृहस्थ आणले. ते जुन्या गाड्या जमवतात. गाडीभोवती फिरून त्यांनी पुष्कळ हळहळ केली. म्हणाले, हे इंजिन काढून टाकू, मूळचे शोधू, सीटा नव्या घालू, गाडी होती तशी करू. मला ते पटले. होते तसे झालेले कोणाला नको असते? गाडी रस्त्यापर्यंत तरी निघावी म्हणून मी देवानंदला बोलावले. देवानंद सरकटे यांचे गॅरेज आमच्या बाजूलाच आहे; तो काम फय्याज यांच्याकडेच शिकला. तो गाडीत वाकून काहीतरी पाहत राहिला. मग म्हणाला, "चाची, जरा इकडं या बरं."

डाव्या बाजूला, जिथे माझी सीट होती तिथल्या तळाला, चार बोल्ट आपापल्या भोकांत फिरवून ठेवलेले होते. वर ग्रीस, आणि ग्रीसवर रेक्झिनचा तुकडा तारेने बांधलेला. डाळिंबी रेक्झिन, माझ्याच कातरणातले.

मी म्हटले, "मंग? बोल्टच तं हायेत."

"तसं नाई, चाची. जे परत बसवाचं नसते, त्याचे बोल्ट आमी डब्यात टाकतो अन् भोक वेल्डिंगनं बुजवतो. नाईतं खालून पानी शिरते. हे पाहा, मांगच्या सीटचे सारे भोकं बुजवले हायेत. बंपरचेबी. अन् जे परत बसवाचं राह्यते, त्याचे बोल्ट त्याच भोकात ठेवतो, हातानं फिरवून. म्हंजे हरपत नाई."

"तुले मालूम होतं?"

"सीट काढल्याचं मालूम होतं. हे काम चाचानं सोता केलं. मले इथं हातबी लावू देला नाई."

मग त्याने रविवारचे सांगितले. फय्याज पातूरच्या घाटात जायचे. खाली उतरून गाडी वळवायची आणि चढायची. घाट सगळा चौथ्या गिअरमध्ये चढला पाहिजे, एवढेच ते देवानंदला म्हणाले होते. तो मोटारसायकलवर मागून जायचा. शेवटच्या वळणावर दर वेळी गाडी दबायची आणि तिसरा टाकावा लागायचा. मग ते घरी यायचे आणि आठवड्यात आणखी काहीतरी काढायचे. माझ्याबद्दल कधी काही बोलले का, असे मी विचारले. देवानंद म्हणाला, "चाचा कवा बोलत होते का, चाची?"

पुढचे मला कोणी सांगावे लागले नाही. चढली की सीट परत बसवून मला सांगणार होते. चढली नाही.

त्या दिवशी मी नागपूरच्या गृहस्थांना चहा देऊन परत पाठवले. खालिद चिडला. "आपा, भंगार हाय ते!" म्हणाला. असू दे.

५. म्हणून, सदर फियाट गाडी तिच्यातल्या जिप्सीच्या इंजिनासह मी देवानंद सरकटे, राहणार शेलूबाजार, यांस देत आहे. त्यांनी डावी सीट त्याच चार बोल्टांनी बसवावी आणि पुन्हा काढू नये. गाडी होती तशी करू नये. ती जशी झाली तशीच राहू द्यावी. दिलेल्या वस्तूवर अशी अट आमच्या कायद्यात टिकत नाही, असे वकील म्हणतात. टिकत नसेल तर अट समजू नये, एका बाईचे म्हणणे समजावे.

६. शिलाई मशीन, कातऱ्या आणि रेक्झिनचे तागे माझ्या पतीच्या पुतण्याची मुलगी अफ्रीन हिला. ती कॉलेजात शिकते आणि सीटकव्हर शिवणार नाही, हे मला ठाऊक आहे. विकले तरी चालेल, विकत घेणाऱ्याला शिवता येते का एवढे विचारावे. न्हाणीघरातला बंपर भिंतीत पक्का बसवलेला असल्याने तो घराबरोबर खालिदला जाईल. रोज अंघोळ झाल्यावर टॉवेल घेताना त्याला घाट आठवावा, अशी माझी इच्छा आहे. त्याच्यावर माझा राग नाही. म्हणजे एका टॉवेलाएवढाच आहे. मांजर ज्याच्या घरी जाईल त्याचे.

७. साक्षीदार दोन लागतात. सगळ्यात अवघड कलम हेच निघाले. ज्याला काही मिळते तो साक्षीदार नसलेला बरा, असे वकिलांचे म्हणणे. म्हणजे देवानंद गेला, खालिद गेला, अफ्रीनचे घर गेले. जमनाबाई पुण्याला. कव्हर शिवून नेलेली माणसे पुष्कळ, पण त्यांच्या गाड्या मला आठवतात, नावे आठवत नाहीत. मी सही करताना बाजूला उभी राहतील अशी दोन माणसे चार दिवस शोधते आहे. कागद तसाच ठेवते.

इथून पुढचे निळ्या शाईत आहे, कारण काळे पेन घरी राहिले.

पाचवे कलम मी देवानंदला वाचून दाखवले होते. आज रविवार. सकाळी तो नटबोल्टचे पाने घेऊन आला आणि म्हणाला, "चाची, सीट बसवाले तुमी मरेपर्यंत थांबू काय?" त्याने ओट्यावरची सीट उचलली. खाली ओट्याचा चौकोनी तुकडा नवा कोरा निघाला. चारही बोल्ट हाताने फिरले, कुठे गंज नव्हता. पाना अगदी शेवटी लागला. कागद मी पर्समध्ये टाकला, का ते मलाही सांगता येणार नाही.

मालेगाव, मेडशी करत आम्ही घाट उतरलो आणि पातूरच्या बाजूला, पायथ्याशी, गाडी परत वळवली. प्लास्टिकमधून बाहेरचे धुरकट दिसते. चटई नसल्याने पायाखालचा पत्रा तापतो. आवाज एवढा की बोलता येत नाही. फय्याज आणि मी, अशा दोघांना ही गाडी बरोबर होती. देवानंदने चौथा टाकला आणि गाडी चढू लागली. आम्ही जिथे बंद पडलो होतो ती जागा मागे गेली, मी वळून पाहिले. शेवटच्या वळणावर आवाज दबला. देवानंदने माझ्याकडे पाहिले.

"चाची, तिसरा टाका लागते."

"मंग टाक ना."

त्याने तिसरा टाकला आणि गाडी वर आली. कोणी हसले नाही.

मला रडू आले, तेही इथे लिहून ठेवते. चौथ्यात चढेना म्हणून ते दर रविवारी परत जात राहिले आणि मी ओट्यावर बसून राहिले. मला चौथ्याची काय पडली होती! सांगितले असते तर मी तिसऱ्यात आले असते. पहिल्यात आले असते. बंद पडली असती तर ढकलायला उतरले असते.

घाटमाथ्यावर भागिरथाबाईंचे चहाचे हॉटेल आहे आणि त्याला लागून धम्मरत्न यांचे पंक्चरचे दुकान. दोघांना मी बोलावले, कागद कशाचा ते सांगितले. भागिरथाबाई म्हणाल्या, "तुमचं सोताचं कोनी नाई का, बाई, सही कराले?"

मी म्हटले, "हाय. तो गाडीपाशी उभा हाय. त्याले गाडी भेटून राह्यली, म्हनून त्याची सही नाई घेत."

धम्मरत्न गाडीभोवती फिरून आले. म्हणाले, "हे गाडी आमी वळखतो. दर इतवारी येत होती. पन हिच्यात तं एकच सीट होती ना?"

मी म्हटले, "आता दोन हायेत."

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले, ते माझे आहे, आणि खालच्या दोघांच्या समोर त्यावर सही करत आहे.

(सही) कमरुन्निसा फय्याज खान

साक्षीदार:
१. भागिरथा खिल्लारे, चहाचे हॉटेल (सही)
२. धम्मरत्न इंगोले, पंक्चर दुकान (सही)

तारीख: ११ जानेवारी २०२६, रविवार
ठिकाण: पातूर घाटाचा माथा, गाडीत, डाव्या सीटवर