एक्केचाळीस नंबरच्या पायऱ्या

शनिवार, ४ ऑक्टोबर

आलो एकदाचे. बाबांना गाडीतून उतरवलं, वॉकरसकट नव्या रॅम्पवरून आत नेलं, मागच्या खोलीत त्यांच्या खुर्चीत बसवलं आणि मग मी दारात उभी राहून एकटीच हसत सुटले. बावन्नाव्या वर्षी स्वतःचं घर. टॅनर्स रिज, नंबर ४१. रस्ता आमच्या दारापाशीच संपतो आणि पलीकडे लगेच तळं आहे, बदकांसकट. रॅम्पवाले आम्ही यायच्या आधीच काम उरकून गेले होते. पुढच्या पायऱ्या फळ्यांखाली पार झाकून गेल्यात. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन दोनच महिने झालेत, त्यांना पायऱ्या बघूनसुद्धा घाम फुटतो.

शेजारच्या लोर्ना स्विक भोपळ्याचा केक घेऊन आल्या. त्या गेल्यावर बाबा म्हणाले की केक जरा जास्त गोड आहे, पण बाई बरी दिसते. दोन तुकडे खाऊन म्हणाले.

खोकी उघडायची सोडून मी आधी फोनवर नकाशा उघडला. जिओकॅशिंगचं खूळ आहे मला. चौदा वर्षांत दोन हजार तीनशे सोळा डब्या शोधल्यात. माझा भाऊ लायल म्हणतो की नकाशातला ठिपका बघून झुडपात हात घालायचा आणि डबीतल्या कागदावर सही करून ती परत ठेवायची, यात बर्टी, तुला मिळतं काय? त्याला काय कळणार. आमच्याच वस्तीत पाच टप्प्यांचा खेळ निघाला. पहिल्या डबीत दुसरीचा पत्ता, दुसरीत तिसरीचा, असं करत शेवटच्या जागेपर्यंत जायचं. अकरा वर्षांत शेवटची जागा कोणालाच सापडलेली नाही. मला झोप कशी लागणार.

रविवार, ५ ऑक्टोबर

खेळाचा मालक समोरच राहतो. डेल्बर्ट हेनी, सत्तरीचा, बायको वारलेली. मंगळवारी तो ॲरिझोनाला मुलीकडे कायमचा चाललाय. मालक गाव सोडून जात असला की खेळ दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर करून देतो, आमच्यात तशी पद्धतच आहे. त्याने विचारायच्या आत मी हो म्हणून मोकळी झाले.

त्याने सांगितलं की डब्या कोरड्या ठेव, कागद भरला की बदल, आणि आकड्यांना हात लावू नकोस. हे आकड्यांचं त्याने दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागला तेव्हा मी म्हटलं, मिस्टर हेनी, मी काही नवशिकी नाही. केक दिला तो त्याने खाल्ला नाही.

शनिवार, ११ ऑक्टोबर

आज सगळ्या डब्या तपासल्या. पहिली दिव्याच्या खांबाच्या पत्र्याखाली, दुसरी थांबा-पाटीच्या मागे चुंबकाने चिकटवलेली, तिसरी पक्ष्यांच्या खोट्या घरट्यात, चौथी गटाराच्या जुन्या नळीत. पाचवी आमच्या कोपऱ्यावरच्या पाइनच्या ढोलीत. तिच्यात हेनीच्या अक्षरात लिहिलं होतं: '४१ नंबरच्या घराला पुढे पायऱ्या तीन. घराच्या मागच्या भिंतीपासून दर पायरीमागे वीस पावलं तळ्याकडे.'

साठ पावलं चाललं की माणूस तळ्याच्या पाण्यात. लोकांनी वर्षानुवर्षं तक्रारी लिहिल्यात की शेवटची जागा पाण्यात कशी. हेनीने एकालाही उत्तर दिलेलं नाही. वर उत्तरही चिठ्ठीत आयतं, आणि आता तर तेही चूक, कारण पायऱ्याच दिसत नाहीत. चुकीचा आकडा मी जन्मात कधी चालू ठेवलेला नाही. नवी चिठ्ठी लिहिली: '४१ नंबरच्या पायऱ्या स्वतः मोजा.' बाकी तेच. रॅम्प आहे म्हणजे पायऱ्या शून्य, म्हणजे शेवटची जागा आमची मागची भिंत, बाबांच्या खिडकीखाली. तिथे एक छान डबा ठेवीन. बाबांना सांगितलं तर म्हणाले, चला, कोणीतरी भेटायला येईल.

सोमवार, १३ ऑक्टोबर

पहिल्या डबीवर कोणीतरी येऊन गेलंय. सही नाही, नाव नाही, चिखलाने ओढलेली एक उभी रेघ आणि कालची तारीख. डबी आतून कोरडी, कागद मात्र चिंब. तळ्यासारखा वास येतो. पोरांचा चावटपणा असणार. तरी पण खऱ्या खेळाडूला नाव लिहिल्याशिवाय चैन पडत नाही, हे मनातून जात नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

दुसऱ्या डबीत दोन रेघा. त्या बोटाने ओढल्यात, नीट पाहिल्यावर कळलं.

लोर्ना म्हणाल्या की काल चारच्या सुमाराला थांबा-पाटीपाशी एक माणूस बराच वेळ उभा होता, छातीपर्यंत भिजलेला. त्यांना वाटलं गटाराचं काम निघालंय. चेहरा कसा होता असं विचारलं तर म्हणाल्या, 'अगं, माझ्याकडेच तर बघत होता.' मग बराच वेळ आठवत बसल्या. आठवला नाही. कॉफीचा कप तसाच टाकून घरी गेल्या. मला भीती वाटायला लागलीय, लिहूनच टाकते.

बुधवार, १५ ऑक्टोबर

तीन वाजल्यापासून घरट्यासमोर गाडी लावून बसले. लख्ख ऊन. चारला घरट्याचं झाकण उघडलं. जवळपास कोणी नव्हतं. कागद बाहेर आला, उलगडला, थांबला, गुंडाळला, आत गेला. झाकण लागलं. खालचं गवत दोन पावलांएवढं दबलेलं होतं आणि तिथून पाणी वाहत होतं.

गाडी सुरू करताना किल्ली तीनदा पडली.

हेनीला फोन केला. त्याने पहिला प्रश्न विचारला, आकडे बदललेस का. मी हो म्हटलं. तो रडायला लागला. म्हातारा माणूस फोनवर रडताना ऐकवत नाही. मग सगळं सांगितलं त्याने. तो भिजलेला माणूस दर ऑक्टोबरला येतो. कोण ते हेनीलाही ठाऊक नाही. पहिल्या वर्षी शेवटची जागा हेनीच्या मागच्या अंगणात होती आणि मॉरीन, त्याची बायको, तिथे फुलांचे कंद लावत बसली होती. त्याला ती सापडली. एवढंच म्हणाला, सापडली. डब्या काढून टाकल्या तर तो घरोघर शोधतो, तेही करून झालं होतं. म्हणून हेनीने शेवटची जागा तळ्यात नेली. येतो, पाण्यात उतरतो, काही सापडत नाही, वर्षभरासाठी निघून जातो. मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत. म्हणाला, 'सांगितलं असतं तर घेतलं असतंस का, बाई?'

मागची भिंत. भिंतीच्या आत बाबांची खुर्ची.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

सकाळीच पाचव्या डबीकडे धावले. 'पायऱ्या तीन' अशी चिठ्ठी लिहूनच नेली होती. उशीर झाला. वाटेत नळीतली डबी उघडी होती, चार रेघा. ढोलीत पाच. दोन्हींवर आजची तारीख. माझी चिठ्ठी नाही, त्याने नेली. आता तो स्वतः मोजणार. मीच सांगितलंय मोजायला.

बाबांना म्हटलं, लायलकडे जाऊ या, आत्ता, टोलेडोला. ते खुर्ची सोडेनात. म्हणाले की खिडकीपाशी एक गृहस्थ आला होता, फार सभ्य, उद्या चारला येतो म्हणाला, तोवर इथेच बसा म्हणाला. मी ओरडले, हात धरून ओढलं. त्यांनी खुर्चीचे दांडे असे धरले की बोटं सुटेनात. एक्याऐंशी वर्षांच्या माणसात एवढी ताकद नसते.

लायलला फोन केला. निघतो म्हणाला, पण उद्या संध्याकाळच्या आधी पोचत नाही.

रॅम्प तोडायचा. खाली तीन पायऱ्या आहेत. तीन म्हणजे तळं.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

दोन वाजता — पहार मिळाली. अर्ध्या फळ्या निघाल्या. बाबा आतून विचारतायत काय मोडतेस. दुरुस्ती म्हटलं.

तीन वीस — फळ्या निघाल्या. खाली एकच पायरी. खालच्या दोन पायऱ्या रॅम्पवाल्यांनी कापून नेल्यात, कापल्याच्या खुणा ताज्या आहेत. एक.

मागच्या भिंतीपासून वीस पावलं तळ्याकडे, म्हणजे घरातून पुढच्या दाराकडे, चालून पाहिली. दोनदा. दोन्ही वेळा इथेच, पायरीच्या पुढ्यात.

तीन पस्तीस — फळ्या परत ठोकल्या तर शून्य. शून्य म्हणजे बाबा. दोन खोकी आणून मांडली पायऱ्यांसारखी. खोकी म्हणजे पायऱ्या नव्हेत. मीसुद्धा मोजल्या नसत्या.

तीन चाळीस — म्हणजे तो इथे येणार. इथे काही नसलं तर? काही नसलं की आपण काय करतो — आजूबाजूला बघतो. वीस-तीस पावलं, चहूकडे, सापडेपर्यंत. आम्ही सगळेच करतो. बाबा वीस पावलांवर आहेत.

इथे काहीतरी सापडायला हवं.

तीन पन्नास — पायरीवर बसलेय. पळावंसं वाटतंय, फार. पाय हलवायचे नाहीत. लायल, बाबांची रक्तदाबाची गोळी निळ्या डबीत आहे, रात्री जेवल्यावर. केक फ्रिजमध्ये —

शाळेची बस गेली. बदकं उडाली सगळी एकदम.

रस्ता ओला होत येतोय. इकडेच —

बाबा विचारतायत, कोण आलं. कोणी नाही म्हटलं, टीव्हीचा आवाज वाढवा. वाढवला. बरं झालं.

वाकलाय. बोट पायरीवर ठेवलं. मोजतोय.

एक.

इथे बघ — तिकडे नाही, आत नाही, इथे — हो, मीच — सापड