सोरसालच्या तोंडात काय घालावे आणि कोणी

मी, दोरालिसा तेचेरा, वय एकाहत्तर, अविवाहित, धंदा कच्च्या चामड्याच्या वाद्या कापून लगाम विणण्याचा, राहणार पासो होंदो, जिल्हा ताकुआरेंबो, उरुग्वे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत नोटरीकडून लिहवून ठेवते. फुप्फुसे कामातून गेली आहेत, डोके गेलेले नाही. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. उलट लिहू नये म्हणून माझा धाकटा भाऊ विल्सन महिनाभर उंबरे झिजवतो आहे.

एक. शिल्लक पैशांतून माझे दफन करावे आणि उरेल त्यात शेजाऱ्यांना मेंढी भाजून घालावी. विल्सनने त्या वेळी भाषण करू नये. आईच्या वेळी केले होते. जिला त्याने आजारपणात पाणी विचारले नाही, तिच्याबद्दल तासभर बोलला आणि रडलासुद्धा.

दोन. माझ्या सुऱ्या, आऱ्या आणि विणकामाचा लाकडी ठोकळा नेलिदा कोरेआ हिला द्यावा. नेलिदा ही विल्सनची बायको होती. आता नाही, यात तिचे शहाणपण आहे. विल्सनला या हत्यारांतले काहीही देऊ नये. मी विणलेला लगाम जत्रेत स्वतःच्या हातचा म्हणून मांडून त्याने बक्षीस घेतले, आणि घरी येऊन मलाच म्हणाला, "तुझं नाव सांगितलं असतं तर कुणी बघितलं तरी असतं का, दोरा?" लोक हसले असते म्हणे. मी तेव्हा गप्प बसले. त्याचा राग मला अजून येतो.

तीन. माझा तांबूस घोडा सोरसाल. हे सगळे लिहिण्याचे खरे कारण तोच आहे.

त्याच्या मांडीवर बापाच्या शिक्क्याचा डाग आहे, म्हणून तो घरच्या पुरुषाचा, असे विल्सन दारूच्या दुकानात सांगत फिरतो. डाग बापाचा असला तरी घोडा माझ्या घोडीच्या पोटचा आहे. मी तो नेलिदाला देत आहे.

आमच्याकडे कोवळ्या घोड्याच्या तोंडात पहिले वर्ष लगामाची लोखंडी कडी घालत नाहीत. कच्च्या चामड्याची वादी खालच्या जबड्याला बांधून शिकवतात. ती वादी वाळलेली आणि लोणी चोळून मऊ केलेली लागते, हे इथे शेंबड्या पोरालाही कळते. विल्सनने मला न विचारता माझ्या बादलीत भिजत घातलेली वादी उचलली, ओलीच सोरसालच्या जिभेवरून जबड्याला आवळली, घोडा उन्हात खांबाला बांधला आणि पत्ते कुटायला गेला. चामडे वाळले की आक्रसते. मी गावाहून परतले तेव्हा घोड्याच्या तोंडातून रक्ताचा फेस गळत होता. विल्सन संध्याकाळी आला आणि घोडाच नाठाळ आहे म्हणाला.

तेव्हापासून सोरसाल तोंडात काही घातले की चावत राहतो, मान झटकतो, जीभ बाहेर काढतो. विल्सनने त्याला मधे सांधा असलेली बारीक कडी घातली. मग टाळूला टोचणारी कमानीची घातली. तरी चावतो म्हणून वरून पट्टा आवळून तोंडच बांधून टाकले. मी भांडले तर म्हणाला, "तोंड वाजवतो तो माज आहे, दोरा. माज लोखंडानंच उतरतो."

घोड्याचे तोंड उघडून पाहिले ते नेलिदाने. आत बोट फिरवून ती म्हणाली, "जिभेला खाच पडलीय गं. प्रत्येक कडी नेमकी तिथंच बसते. दुखतं त्याला, म्हणून चावतो." हे तिने नवऱ्याला सांगितले, तर त्याने घोड्याचे दात मोजण्यापेक्षा चूल सांभाळ म्हणून तिला सगळ्यांदेखत झाडले. त्या हिवाळ्यात ती घर सोडून गेली.

नेलिदा, नीट ऐक. सोरसालला सरळ, जाड, गुळगुळीत, बिनसांध्याची कडी घाल. मी मेंढीचे कातडे गुंडाळून केली आहे, ती खुंटीला आहे. कातडे तो कुरतडील. फाटले की नवे गुंडाळ. मधे थोडा बाक ठेवला आहे, खाचेवर भार येत नाही. ओठाच्या कोपऱ्याला ती नुसती टेकावी, सुरकुत्या पडेपर्यंत वर ओढू नये. थंडीत कडी आधी हातात धरून तिला ऊब दे. इतके करूनही तो थोडे चघळेल. चघळू दे बिचाऱ्याला. पट्ट्याने तोंड मात्र कधी बांधू नकोस.

चार. घर, विहीर आणि मागचे कुरण विल्सनला मिळेल, पण एका अटीवर. कच्च्या चामड्याची ओली वादी त्याने स्वतःच्या जिभेवरून खालच्या जबड्याला आवळून घ्यावी आणि अंगणातल्या त्याच खांबाशी, वादी वाळेपर्यंत, उन्हात उभे राहावे. गाठ नेलिदाने मारावी.

नोटरी ओल्मेदो यांनी हे ऐकून लेखणी खाली ठेवली. म्हणाले, "दोरालिसाबाई, ही अट कोर्टात टिकायची नाही. घर त्याला असंच मिळेल." मिळू दे. घराचे काय, ते विटामातीचे आहे, त्याला दुखत नाही. पण मृत्युपत्र वारसाला समोर बसवून मोठ्याने वाचावे लागते, हेही त्यांनीच मला सांगितले. म्हणून माझी शेवटची इच्छा एवढीच की चौथे कलम गाळू नये, घाईने उरकू नये, दारे उघडी ठेवून वाचावे, आणि वाचून होईपर्यंत विल्सनला मधे बोलू देऊ नये.

हे सर्व मला वाचून दाखवले. बरोबर आहे. सही माझीच आहे.

दोरालिसा तेचेरा

साक्षीदार:
आनास्तासियो बिएरा, नालबंद
ओफेलिया लेमोस, शाळाशिक्षिका

माझ्यासमक्ष: ई. ओल्मेदो, नोटरी

ठिकाण: पासो होंदो
तारीख: १८ मार्च १९६८