उरलेलं शनिवारी

मास्तर, तुम्हाला जाऊन उभं आयुष्य लोटलं आणि आता इथे बहारीनमध्ये, माहूज भागातल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये बसून मी तुमची ती चिनी कादंबरी पुन्हा ऐकतो आहे. मुलाने इंग्रजीतली मिळवून दिली. नात वाचते, मी डोळे मिटून ती तुमच्या मराठीत ऐकतो. शनिवारची सकाळची शाळा, शेवटचा तास. कविता चालीवर म्हणून झाल्या की तुम्ही खाकी कव्हरातलं पुस्तक काढता. घाटातली खाणावळ, तिची विधवा मालकीण, लढाईवर गेलेला तिचा मुलगा आणि रोज तिन्हीसांजेला त्याच्यासाठी दारात टांगलेला कंदील. घंटा झाली की पानात बोट घालून म्हणायचात, "उरलेलं शनिवारी." शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं, आणि त्याच आठवड्यात तुम्ही गेलात.

लेखकाचं आयुष्य मात्र पुरतं सांगितलं होतंत. राजवट बदलली, त्याला चौकात उभं करून माफी मागायला लावली, मित्र ओळख देईनासे झाले. त्यानंतर त्याने एकही कादंबरी लिहिली नाही. संग्रहालयाच्या तळघरात बसून जुन्या दिव्यांचा अभ्यास केला. कुठल्या काळी वात कशी, तेल कसलं, यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. मी विचारलं, "मास्तर, म्हणजे तो भ्याला?" वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. "भ्याला तर! पण भिऊन अंथरुणात शिरणं वेगळं आणि भिऊन दिवा पुसत बसणं वेगळं, लेका."

उद्या माझी छाती उघडणार आहेत. मुलगा म्हणतो, "बाबा, हल्ली हे रोजचंच झालंय हो," आणि म्हणताना मोबाइलकडे बघतो. डॉक्टर म्हणाले, "इंशाल्ला." देवाच्या मनात असेल तर, एवढाच अर्थ; इथे तो शब्द उठता-बसता ऐकतो मी, पण त्यांच्या तोंडून ऐकला आणि पाय गार पडले. ते अजून गारच आहेत.

सकाळी नात पुस्तक घेऊन आली. "आजोबा, लास्ट चॅप्टर! फिनिश करूया ना."

"उरलेलं शनिवारी," मी म्हटलं.

"पण टुडे इज सॅटरडे!"

"पुढच्या."

"यू सेड दॅट लास्ट वीक ऑल्सो." तिने पानात बोट घातलं होतं, थेट तुमच्यासारखं. मला बघवेना. मी भिंतीकडे तोंड फिरवलं, तशी पुस्तक उशाशी ठेवून ती निघून गेली. तिला काय सांगू? की गोष्ट बाकी असली म्हणजे माणसाला परत यावंच लागतं, असं मी मनाशी धरून बसलोय? तुमचीही बाकीच होती, मास्तर. पुढच्या शनिवारी आम्ही हाताची घडी घालून बसलो होतो, आणि खुर्ची रिकामी होती.

हे पत्र कुठे जायचं नाही. तिचं बोट होतं त्या पानात घडी करून ठेवतो. दिवा पुसतोय असं म्हणायला हवं होतं. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू, हे सगळं अंथरुणात शिरूनच लिहिलंय.