मिठाची गाडी

४ ऑगस्ट १९९६
फळ्यांवरच्या माझ्या छोट्या रेल्वेचा सांधा पुन्हा रुसला. इंजिनाने सरळ जायचं, ते मिठाच्या सायडिंगला वळतं आणि आडवं पडतं. रविवार सगळा कानस घासण्यात. मंदा चहा घेऊन खाली आली, जरा वेळ बघितलं, म्हणाली, "अहो, लहान पोरांची खेळणीसुद्धा एवढी रडत नाहीत." बायको असावी तर अशी.

तळमजल्याची ही खोली सामंतांनी (सोसायटीचे सेक्रेटरी) वापरायला दिलीय, पण अट घालून: गणपतीत माझी रेल्वे ही सोसायटीची आरास. हो म्हटलं. घरात जागा कुठली? पलंगाखालीसुद्धा मंदाचे डबे.

१८ ऑगस्ट
मालाचा आराखडा पक्का. काढला ऑफिसात, वागळे इस्टेटला, ड्रॉइंग बोर्डावर, साहेबांची पाठ वळली की. मिठागरातून मीठ कारखान्यात, खाणीतून खडी स्टेशनात. गाडी नुसती गोल फिरवण्यात मला काडीचा रस नाही. वॅगन भरायची, पोचवायची, रिकामी परत आणायची. इंजिनाला वॅगनच्या पलीकडच्या टोकाला जायचं तर बाजूची जोडलाईन लागते. सगळा खेळ त्या जोडलाईनवर.

आणि हात लावायचा नाही. हाताने ढकलली तर ती मालगाडी कसली.

२५ ऑगस्ट
श्रावण. भोईरमावशीला गिऱ्हाईक नाही. कोपरहून येते, आमच्या गेटाशी मासळीची पाटी लावते. हल्ली खोलीच्या दारात टेकते. मी पत्र्याच्या वॅगनमध्ये खडेमीठ भरत होतो.

"खरा मीठ टाकतंस?"

म्हटलं, हो, खोटं कशाला. मग बराच वेळ बापाबद्दल बोलत राहिली, त्याचा जन्म मिठागरात गेला. उठताना: "बाला, गारी कवा सुटंल?"

सांधा नीट झाला की, म्हटलं. माल कधी पोचणार हे विचारणारं पहिलं माणूस. बाकी सगळे विचारतात, शिट्टी वाजते का.

८ सप्टेंबर
आराशीची मीटिंग. सामंत: "अहो नाईक, मालगाडी कोण बघणार? पॅसेंजर फिरवा, लाल-हिरवे लाइट सोडा. पोरं खूश." सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणजे आता पॅसेंजरचे डबे रंगवत बसा. चडफडत आलो.

एक केलं. गणपतीचा चौरंग रुळांच्या मधे कुठे ठेवायचा ती चौकट खडूने आखून दिली, जोडलाईन मोकळी सोडून. पोरं दुपारी जेवायला गेली की माझी मालगाडी. सांधा आता शहाण्यासारखा वागतोय.

१६ सप्टेंबर, चतुर्थी
आमचा गणपती कल्याणला, दादाकडे. सकाळीच गेलेलो. संध्याकाळी परत येऊन खोलीत बघतो तर चौरंग माझ्या चौकटीत नाही! गुरुजी म्हणाले मूर्तीचं तोंड पूर्वेला हवं, सामंतांनी चौरंग फिरवला. मागचे पाय बरोबर जोडलाईनवर.

म्हटलं, वीतभर सरकवू. सामंतांनी कानाला हात लावले. "प्राणप्रतिष्ठा झालीय, नाईक. आता विसर्जनापर्यंत हलवायचं नाव नको."

बरोबर आहे त्यांचं. माझीही हिंमत झाली नसती. पण राग यायचा तो येतोच, आणि देवावर काढता येत नाही. मिठाची वॅगन सायडिंगला अडकली. इंजिन पलीकडे जाणार कुठून?

१८ सप्टेंबर
पॅसेंजर फिरतेय. सकाळच्या आरतीपासून संध्याकाळच्या आरतीपर्यंत. इंजिन तापलं, जरा थांबू दे म्हटलं, तर पोरं बोंबलतात. सामंत म्हणतात, पाहुणे आलेत, चालू ठेवा.

मावशी दर्शनाला आली, नवं लुगडं नेसून. नमस्कार केला, मग वाकून सायडिंग बघितलं. "मीठ तयाच हाय?" म्हटलं, देव वाटेत बसलाय. हसली. "त्यो उठंल पाचव्या दिशी. मंग?"

मग नक्की, म्हटलं. शब्द देऊन बसलो.

२० सप्टेंबर
विसर्जन. ऑफिसला दांडी. उत्तरपूजा झाली, चौरंग उचलला. एक रूळ दबलेला, तो सरळ केला. सगळे खाडीवर निघाले. मंदा दारातून: "अहो, पोचवायला तरी चला!" नाही गेलो. चुकलंच, पण नाही गेलो.

इंजिन ठेवलं, वीज दिली. हूं नाही की चूं नाही. उघडलं तर मोटर जळलेली, काळीठिक्कर. पाच दिवस गोल गोल फिरवून संपवली, कुठेही जायचं नसताना. रडू आलं. खरंच आलं, इथे लिहायला काय जातंय.

२९ सप्टेंबर
खोली पुढच्या महिन्यापासून ट्यूशनवाल्याला. सामंतांनी कधीच ठरवलेलं, मला आज कळलं. फळ्या सुट्या करून पलंगाखाली. मंदाने आपले डबे मुकाट्याने हलवले. काही बोलली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

इंजिन आतेभाऊ सुधीरकडे दिलं. बोटीवर असतो, त्यानेच आणलेलं. मोटर मिळाली तर पुढच्या फेरीत. नाहीतर...

६ ऑक्टोबर
मावशी गेटावर, पाटी भरलेली. विचारेल म्हणून बोंबील घेताना वर बघितलंच नाही. विचारलंच. "पोचली काय गारी?"

सगळं सांगितलं. खोली गेली, इंजिन बोटीवर गेलं. वाटलं, हसेल. बोंबील पिशवीत टाकत म्हणाली, "येल इंजिन. मीठ काय नासत नाय, बाला."

घरी येऊन पलंगाखालून वॅगन काढली. दमट हवेने मीठ पाझरलंय, चाकांना गंज धरलाय. मंदा म्हणाली, "ओतून टाका, धुवून ठेवा. नाहीतर अख्खी वॅगन जाईल." खरं आहे. मोरीपर्यंत घेऊन गेलो. नळसुद्धा सोडला.

मग बंद केला. बरणीतून मूठभर खडेमीठ घेतलं आणि वॅगन पुन्हा काठोकाठ भरली. मंदा बघत होती.

"आता हे कशाला?"

म्हटलं, माल अजून पोचायचाय.