दहापैकी दहा

दिल्ली, २० फेब्रुवारी २००७

ती. मामांस, सा. न. वि. वि.

नोकरी लागली! कोणत्या देशात कायदा किती चालतो, याला आमचं ऑफिस मार्क देतं. ते बघून श्रीमंत देश ठरवतात, कोणाला मदत द्यायची. मी मॅडमना म्हटलं, नुसत्या वकिलांना काय विचारता, माझ्या मामांना विचारा. बीटी कपाशीचं बोगस बी निघालं, झाडं डोक्याएवढी आणि बोंड एक नाही, म्हणून बियाण्याच्या कंपनीविरुद्ध चार वर्षं कोर्टात जातायत. सोबत फॉर्म आहे. शून्य म्हणजे वाईट, दहा म्हणजे उत्तम. खरं लिहा हं.

मामींना सांगा, भाकरीवाचून मी वाळलेय. माया राहू द्या.

आपली भाची,
सुचिता

धाड, ५ मार्च

चि. सुचितास, अनेक आशीर्वाद.

फॉर्म भरला. सगळीकडं दहापैकी दहा देल्ले. मामी हासली, म्हणे एवढ्या चपला झिजल्या अन् दहा काऊन? पण बाई, कोर्टाबद्दलचा कागद, खाली माही सही, अन् एकोणीसले निकाल. साहेबाच्या हाती पडला तं? तू शिकली, पण एवढं नाही समजत तुले.

वकील विचारत होते, त्या थैलीतलं बी उरलं काय तपासाले. कुठून उरन? मामीनं थैली झटकून शेवटचे दाणे रिकाम्या जागी टोबले. बी कोण मागं ठेवते?

जेवत जाय. आशीर्वाद हायेच.

उकंडराव

दिल्ली, १२ मार्च

ती. मामांस, सा. न. वि. वि.

अहो मामा, तो कागद कुठल्याच साहेबाकडे जात नाही, नावही काढतो आम्ही. तुमचे दहा बघून मॅडम म्हणाल्या, गावात कोणाची तक्रारच दिसत नाही. दुसरा फॉर्म पाठवतेय, निकालानंतर भरा. आपणच जिंकणार, मी सगळ्या ऑफिसला सांगून ठेवलंय.

रागावू नका.

तुमची सुचिता

धाड, २ एप्रिल

चि. सुचितास, आशीर्वाद.

केस फेटाळली. बी तपासाले देल्लं नाही, म्हणून बी खराब होतं हे सिद्ध झालं नाही. वकील म्हणाले, कायद्यात बरोबर आहे.

तुही मामी तव्हापासून एकच म्हणते, थैली मीच झटकली. मी रोज सांगून राह्यलो, तुही चूक नाही. पण कोर्टाच्या कागदात तेच लिवलं आहे ना, माह्या बोलण्यानं काय होते?

फॉर्मवर सगळे शून्य लिवले होते. मंग वाटलं, मार्क कमी पडून आपल्याच कोणाची मदत थांबली तं? म्हणून खोडले. तसाच पाठवतो, तुले समजन ते कर.

त्याच्या आधी मामीले एक पत्र लिव. तू दिल्लीतली, तुहं ऐकन. लिव, बी कोणीच मागं ठेवत नसते.

तुहा मामा,
उकंडराव