कडी नसलेली कळशी

पुणे, ६ जानेवारी १९५८
चि. शामला हीस अनेक आशीर्वाद.

देवपूजेचं पाणी झऱ्यावरून सोवळ्यात स्वतःच आणायचं, हा आईचा तीस वर्षांचा नेम. मोडलेलं मनगट जुळलं पण वाकत नाही, म्हणून नेम सुटला आणि तिचं जेवणातही लक्ष नाही, असं तू लिहिलंस. कारखान्यात भांड्यांचे आकार आखायचं माझं काम. त्याचा घरी आजवर उपयोग झाला नव्हता. एसटीनं एक कळशी पाठवली आहे. ॲल्युमिनियमची, तांब्याच्या निम्म्या वजनाची, वर धरायला कडी. साहेब तर ती प्रदर्शनात मांडणार आहेत. आईला कशी वाटली ते कळव.

लोभ असू दे.
नारायण

तुळजापूर, २० जानेवारी
ती. दादास शामलाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

कळशी पोचली. गल्लीतल्या सगळ्या बायका बघून गेल्या, लई देखणी म्हणाल्या. सध्या तिच्यात तुरीची डाळ आहे. रागावू नकोस. आई म्हणाली, जर्मनच्या भांड्यातलं पाणी देवाला कसं चालंल, पुण्याला जाऊन पोरगं एवढंही विसरलं? आणि दादा, कडी कुणासाठी रे? कळशी आम्ही हातात लोंबकळवत नाही, कडेवर घेतो. कडी बरगडीत रुतते. परवा आई जुनी कळशी घेऊन निघाली आणि उंबऱ्यातूनच परतली. मला फार वाईट वाटलं.

सोबत सुतळी आहे. पहिल्या गाठीपर्यंत आईचं कोपर ते मनगट, तिथून दुसरीपर्यंत काख ते कंबर.

तुझा लोभ आहे तसाच राहो.
शामला

पुणे, ३ मार्च
चि. शामलास आशीर्वाद.

कान उपटलेस ते बरं केलंस. मी कळशी टेबलावर ठेवून बघत होतो, बाईच्या कडेवर नाही. नवी पातळ तांब्याची केली आहे. कडी काढली. मान बारीक आणि लांब, कोपराच्या घडीत बसेल अशी. मनगटाला काम नाही. कमरेसाठी एक बाजू आत दाबली आहे. अशी पोचे आलेली कळशी दुकानात कोण घेईल, असं साहेब म्हणाले. प्रदर्शनात जर्मनचीच जाणार. जाऊ दे. लोक जिची तारीफ करतात तीच वस्तू चांगली, असं मी आजवर धरून चाललो. आता वाटतं, चांगली वस्तू वापरताना तिची आठवणही होऊ नये.

आईला नमस्कार. लोभ ठेव.
नारायण

तुळजापूर, २९ मार्च
ती. दादास शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र कळशीच्या मागून आलं, आणि थोडक्यात वाचलो. पार्सल सोडलं तर कळशी एका बाजूनं चेपलेली! मी एसटीवाल्यांशी कडाकडा भांडले आणि ती ठोकून सरळ करायला बलभीम तांबटाकडे टाकली. घरी परतताना वाटेत पोस्टमननं पत्र दिलं. तशीच धावत मागं गेले. बलभीमनं हातोडी उचललीच होती.

आज पंधरा दिवस आई रोज पाणी आणते. जेवते पोटभर, मला रागावतेही पहिल्यासारखी. काल वाती वळत बसली होती, तेव्हा विचारलं, कळशीबद्दल दादाला काय लिहू? तिनं मान वर न करताच विचारलं, कुठली कळशी?

एवढंच कळवायचं होतं. लोभ आहे, तो वाढता असो.
शामला