तुमचं नसणं कशासारखं?

अहो, सप्रेम जयभीम.

ओळखलंत का? चष्मा कपाळावर आणि शोध घरभर, असा माणूस तुम्ही, म्हणून विचारते. मी तुमची बायको! मला अक्षर येत नाही, हे तरी आठवतंय ना? मी सांगतेय, आपली नात प्रज्ञा लिहितेय.

आजच पत्र का? काल पोरींनी मला एक कोडं घातलं आणि उत्तर काही सापडेना. कोडं तुमच्याबद्दलचंच, म्हणून तुम्हालाच विचारते.

प्रज्ञा कॉम्प्युटर शिकते. तिच्या मैत्रिणी आपल्या वाघोलीच्या घरी अभ्यासाला जमतात. पाठांतर नाही हो, खेळच! एकीनं सांगायचं, अमुक कशासारखं आहे. दुसरीनं लगेच सांगायचं, कुठे सारखं नाही.

काल खेळात सर्व्हरची पाळी होती, म्हणजे सगळ्यांना माहिती पुरवणारा तो मोठा कॉम्प्युटर. मी मेथी निवडता निवडता म्हटलं, "वस्तीतल्या नळासारखा असेल. नळ एक, हंडे ढीगभर."

"वा आजी!" मैत्रीण सायली म्हणाली. "पण हंडा भरला की पाणी तेवढं कमी होतं. सर्व्हरवरची माहिती कितीही जणांनी घेतली तरी तेवढीच राहते."

"आणि गर्दी झाली की?"

"मग अडतो."

"मग अर्धा तरी नळच!" हरायची सवय मला नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

तेवढ्यात सायलीनं विचारलं, "आजी, आजोबा नसणं कशासारखं?"

प्रज्ञानं तिला चिमटा काढला. मी म्हटलं, "विचारू दे गं." आणि ठोकून दिलं, "अळणी आमटीसारखं."

पोरींनी वह्यांत डोकी खुपसली. मीच दटावलं, "कुठे सारखं नाही, ते कोण सांगणार?"

प्रज्ञाच हळू म्हणाली, "आमटीत मीठ मागून घालता येतं, आजी."

तेव्हापासून शोधतेय. पडलेल्या दातासारखं? जीभ तिथे जाते खरी, पण दात कधी मला चिडवायचा नाही. बंद पडलेल्या घड्याळासारखं? ते निदान दुसऱ्याला वेळेवरून बोल लावत नाही! काही सांगून तरी जायचं होतंत. शेवटचं बोललात काय, तर "गॅस बंद केलास का?"

पण गंमत बघा. 'सारखं नाही' म्हणायला गेलं की दरवेळी तुमची एखादी खोड आठवते.

म्हणून कबूल करते, नेमकी उपमा सापडली तरी पोरींना सांगायची नाही. खेळ संपेल.

तुमचीच,
सखू

ता. क. तिकडे मंडई असेल तर सीताफळं पाठवा. स्वतः दाबून बघा, विकणारीच्या गोड बोलण्यावर जाऊ नका.